कुपवाड रस्त्यावरचं गोदाम: हळदीची पोती आणि पार्सलच्या बॅगा

सांगली-कुपवाड रस्त्यालगत बिनशेती प्लॉटवर १०,००० चौरस फुटांचं एक गोदाम आहे. लोखंडी कैच्या, वर पत्रा, कडेला १६ फूट उंची. पुढं साडेतीन फुटांचा ओटा, म्हणजे ट्रकचा फाळका पाडला की हमालाला पोतं सरळ पाठीवर घेता येतं. मालक अडत्या. आत हळद असते, थोडी स्वतःची, बरीचशी दुसऱ्या व्यापाऱ्यांची, पोत्यामागे महिन्याच्या भाड्यावर ठेवलेली. अशा गोदामाच्या दारात पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीचा माणूस येतो आणि विचारतो, भाड्यानं द्याल का?

गोदाम प्रातिनिधिक आहे. भाडं, पार्सलची संख्या आणि बांधकामाचा खर्च हे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. बाजारभाव म्हणून ते कुणी वापरू नयेत. कायद्याचे आकडे, गाड्यांची मापं आणि कामाच्या वेळा मात्र जशा असतात तशाच घेतल्या आहेत.

मालकाचा पहिला विचार सरळ असतो. ऑनलाइन खरेदी वाढतेय, गोदामांना मागणी आहे, तेव्हा १०,००० फूट एकाच गिऱ्हाइकाला देऊन टाकू आणि हमाल-तोलाईची कटकट संपवू. कंपनीचा सर्व्हे होतो आणि उत्तर येतं: आत ४,५०० फूट पुरे, बाहेर ६,००० फूट मोकळी जागा हवी. मालकाला वाटतं हा भाव पाडायचा डाव आहे. तसं नसतं.

माल साठतो दुसरीकडे

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत गोदाम ठेवून स्वतःचाच माल स्वतःला पाठवत. ते कारण संपलं आणि साठा थोड्या पण अवाढव्य गोदामांत गोळा झाला. आपल्याकडे तो भिवंडी आणि चाकण पट्ट्यात बसला. तिथं ३० ते ४० फूट मोकळी उंची, चौरस मीटरला पाच टन पेलणारी फरशी, रांगेनं लावलेले डॉक असं सगळं असतं. सोळा फुटी पत्र्याचं गोदाम त्या शर्यतीत नाहीच, आणि सांगलीत तसं नवं बांधलं तरी साठा इकडे येईल असं नाही. हजारो प्रकारचा माल एका छपराखाली ठेवायचा तर तो मोठ्या शहराजवळच परवडतो.

सांगलीला जे लागतं ते पहाटे उतरवून सकाळी वाटून टाकायचं ठिकाण. इथला आजवरचा धंदा याच्या बरोबर उलट होता. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं पडून राहायची आणि त्यात तिचं भलंच व्हायचं. २००५ च्या पुरात पेवांचं मोठं नुकसान झालं, हळद जमिनीवरच्या गोदामांत आली, पण हिशेब तोच राहिला: माल जितके दिवस राहील तितकं भाडं. पार्सलच्या हबमध्ये, म्हणजे अशा उतरवून वाटायच्या ठिकाणी, माल रात्री राहिला तर तो तोटा धरतात. त्यामुळे तिथं मोजतात ते तासाला किती पार्सल दारातून गेली हे. उंचीला किंमत नाही, अंगणाला आहे.

पहाटे ५ ते सकाळी ९

दिवसाला ४,००० पार्सलचा हब धरू. भिवंडीहून ३२ फुटी बंद कंटेनर संध्याकाळी ६ ला सुटतो. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे दहा-अकरा तास. गाडी पहाटे ५ ला ओट्याला लागते. सीलचा नंबर जुळवायचा, मगच दार उघडायचं. आत २०० च्या आसपास बॅगा आणि वर काही सुटे मोठे खोके. चार माणसं पाऊण तासात गाडी रिकामी करतात, पण साडेपाचलाच पहिल्या बॅगा फोडून स्कॅनिंग सुरू होतं. एक माणूस तासाला साधारण १६० पार्सल स्कॅन करून रूटच्या खणात टाकतो. दहा माणसं, अडीच तास, ४,००० पार्सल. आठ वाजता काम उरकायलाच हवं, कारण पावणेआठपासून दुचाकीवाले दारात असतात.

यातली २,४०० पार्सल सांगली, मिरज, कुपवाडची. एका दुचाकीला ७० धरली तर ३४ मुलं. उरलेली १,६०० पार्सल तासगाव, पलूस, कवठे महांकाळ, जतकडे पाच लहान गाड्यांतून जातात. छोटा हत्ती किंवा पिकअप.

विटा आणि इस्लामपूरची (आता ईश्वरपूर) पार्सल इथं येतील की कराडकडून जातील हे कंपनीच्या लाइनवर, म्हणजे तिच्या गाड्यांच्या ठरलेल्या मार्गावर, अवलंबून असतं. विट्याचा पिनकोड ४१५३११, इस्लामपूरचा ४१५४०९. सांगली शहराचा ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०. पिनचे पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात, आणि तो महसुली जिल्ह्याशी जुळतोच असं नाही. ज्या कंपन्या या तीन आकड्यांवर लाइन लावतात त्यांची विट्याची पार्सल सातारच्या बाजूला पडतात. म्हणून ‘सांगली जिल्ह्याचा सगळा माल इथं येणार’ या बोलण्यावर जागेचं गणित बांधू नये. पिनकोडची यादी मागावी. ती देताना समोरचा का-कू करत असेल, तर संख्याही हवेतली आहे असं समजावं.

आता आतली जागा. गाडी उतरवायला ६०० फूट, स्कॅनिंग आणि वर्गवारीला १,५००, रूटचे ४० खण प्रत्येकी २५ फुटांचे म्हणजे १,०००, न पोहोचलेल्या आणि परत जाणाऱ्या मालाचा जाळीबंद कप्पा ५००, मोठ्या खोक्यांना ४००, रोकड आणि महागड्या वस्तूंच्या खोलीला २५०, शौचालय आणि बसायला २५०. बेरीज ४,५००. कंपनीचा आकडा इथून येतो.

परतीच्या कप्प्याला नव्या हबमध्ये हमखास कमी जागा ठेवतात. पैसे आधी भरलेलं पार्सल सहसा घेतलं जातं. माल मिळाल्यावर पैसे द्यायचे असतील तर गिऱ्हाईक घरी नसतं, फोन उचलत नाही, किंवा मन बदललेलं असतं. असं पार्सल दोन-तीनदा फिरवून मग माघारी जातं, म्हणजे एकाच वस्तूला ती विकली न जाता कप्प्यात तीन-चार रात्री काढाव्या लागतात. रोज ३०० पार्सल राहिली आणि प्रत्येक तीन रात्री राहिलं, तर कप्प्यात कायम ९०० असतात. घेतलेले कपडे परत करणाऱ्यांची भर त्यात वेगळी.

बाहेरचं अंगण: कंटेनर वळवायला ६० बाय ६० म्हणजे ३,६०० फूट, ३४ दुचाक्यांना ६८०, पाच लहान गाड्यांना ७५०, ये-जा करायला हजारभर. झाले ६,०००. या गोदामापुढं ओट्यापासून फाटकापर्यंत ५५ फूट आहेत, आणि पुढचा सगळा तिढा या पाच फुटांचा आहे.

हळदीचा उघडा ट्रक ओट्याला समांतर लावतात. बाजूचे फाळके पाडले की लांबीभर माल उतरवता येतो, त्यामुळे ५५ फूट कधी कमी पडले नाहीत. बंद कंटेनरला दार फक्त मागं. तो ओट्याला काटकोनात, सरळ मागं घ्यावा लागतो. केबिनसकट त्याची लांबी चाळीस फुटांपर्यंत जाते. ५५ फुटांत तो आत वळत नाही, रस्त्यावरूनच रिव्हर्स घ्यावा लागतो. पहाटे ५ ला हे चालून जातं. गाडी उशिरा, सकाळी ९ ला आली की कुपवाडकडे कामाला निघालेल्या दुचाक्यांची रांग लागते आणि तक्रार पोलिसांत जाते. उपाय दोन: कुंपणाचा एक कोपरा आत घेऊन फाटक तिरकं करायचं, किंवा ओटा एका टोकाला दहा फूट तोडून गाडीला आत घ्यायचं. ओटा तोडणं स्वस्त पडतं, आणि तिथूनच दुचाक्यांसाठी उतार काढता येतो. साडेतीन फूट उंचीला एकास बाराचा उतार म्हणजे ४२ फूट लांबी. जागा वाचवायला एकास सहाचा केला तर ७० पार्सलची बॅग लावलेली दुचाकी पावसाळ्यात घसरते. तेव्हा लांबी वाचवायची असेल तर उतार ओट्याच्या भिंतीला लागून, समांतर न्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट. कंटेनरचा तळ जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतो, आणि माल उतरत जाईल तसा गाडीचा मागचा भाग दोन-तीन इंच वर येतो. ओटा साडेतीनचा, म्हणजे सहा ते नऊ इंचांची पायरी. पोतं पाठीवर असताना पायरीनं फारसं बिघडत नाही, चाकाची ट्रॉली मात्र तिथं अडते. सहा मिलिमीटर जाडीची, घसरू नये म्हणून नक्षी उठवलेली लोखंडी प्लेट बिजागरीवर बसवली की काम होतं. मोठ्या गोदामातलं हायड्रॉलिक यंत्र इथं घेणं म्हणजे उधळपट्टी.

गाडीचं गणित

वाहतुकीतला बदल एका गठाणीत दिसतो. सुरतेहून साड्यांची गठाण सांगलीच्या कापड दुकानात यायची तेव्हा एक बिल्टी (मालाची पावती), एक हुंडेकरी (वाहतूकदार), एक वाराई (हमाली) असा मामला. तोच माल आता दोनशे पाकिटांत, दोनशे लेबलांनी, दोनशे घरी जातो. वजन जवळपास तेवढंच राहतं, जागा मात्र कितीतरी जास्त लागते, कारण प्रत्येक पाकिटात हवा भरलेली.

३२ फुटी कंटेनरची आतली जागा ३२ × ८ × ८, म्हणजे २,०४८ घनफूट. बॅगांमधली पोकळी धरून ७० टक्के भरला तर १,४३० घनफूट. पार्सलला सरासरी ०.३५ घनफूट धरलं की ४,००० पार्सल बसतात. सव्वा किलो सरासरीनं वजन ५ टन. गाडी ७ टनांची आहे. जागा संपली, वजन शिल्लक राहिलं. साखर भरली असती तर उलट झालं असतं: साखरेचा घनफूट २४ किलोच्या आसपास, म्हणजे ७ टन साखर जेमतेम ३०० घनफुटांत संपते आणि वरचा सगळा कंटेनर रिकामा.

म्हणून भाडं लांबी-रुंदी-उंचीवर लावतात. ५० × ४० × ३० सेंटिमीटरचा उशांचा खोका काट्यावर २ किलो भरतो, पण कुरियरच्या नेहमीच्या नियमानं ६०,००० ला ५,००० नं भागून १२ किलोचं बिल येतं. रस्त्यानं जाणाऱ्या पार्ट लोडमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या गाडीत, घनफुटाला ६ ते १० किलो धरतात. हाच खोका २.१२ घनफुटांचा, म्हणजे १३ ते २१ किलो. बेदाण्याचा १५ किलोचा बॉक्स याच्या उलट, त्यात वजनच जास्त भरतं. सांगलीत येतो तो माल हलका आणि फुगीर, सांगलीतून जातो तो जड आणि आटोपशीर. एकाच दिशेला असते तर जड खाली, हलका वर रचून गाडी पुरेपूर वापरता आली असती. दिशा उलट असल्यानं प्रश्न उरतो परतीच्या भाड्याचा.

जाताना २१,००० आणि रिकामं परतताना १५,००० खर्च धरला तर फेरी ३६,००० ची, पार्सलमागे ९ रुपये. परतीला वाशी मार्केटसाठी ७ टन बेदाणा मिळाला आणि वाराई वगैरे जाऊन १०,००० हातात राहिले, तर पार्सलमागे साडेसहा. दिवसाला दहा हजार कोण सोडेल? तरीही बरेच ट्रान्सपोर्टवाले सोडतात. लाइनीवर दोन गाड्या आलटून पालटून चालतात, म्हणजे एका गाडीला पूर्ण फेरीला ४८ तास मिळतात. पहाटे ५ ला सांगली, ११ ला बेदाणा भरायला, दुपारी दीडला निघून रात्री बाराला वाशी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माल उतरवून तीनला भिवंडी, सहाला पार्सल भरून पुन्हा रस्त्यावर. कागदावर बसतं. पण वाशीत नंबर लागायला संध्याकाळ झाली, किंवा ठाण्याच्या आसपास जड वाहनांच्या बंदीत गाडी अडकली, की त्या रात्रीची लाइन चुकते. चुकलेल्या लाइनीचा दंड आणि दुसऱ्या दिवशी बसून राहिलेली ३४ मुलं यांचा हिशेब घातला तर आठवड्यातली एक चुकलेली रात्र बाकी दिवसांची कमाई खाते. तिसरी गाडी ठेवली तर जमतं, मात्र तिचा हप्ता दोन-तीन हबच्या लाइनींवर वाटला जायला हवा. लहान मालकाला ते अवघड, आणि म्हणूनच ही लाइन हळूहळू पंधरा-वीस गाड्या असलेल्या मालकांकडे जाते.

उशिराचा परिणामही गोदामावरच येतो. शनिवार-रविवारी खंबाटकी घाटात दोन तास गेले, गाडी ७ ला आली, तर वर्गवारी दहाला संपते. मुलं त्यानंतर निघतात आणि ७० ऐवजी ५५ पार्सल वाटून येतात. शहराची ५०० पार्सल रात्री मुक्कामाला. हबच्या जागेत वीस-पंचवीस टक्के सैल ठेवा असं सांगतात त्याचं खरं कारण घाट आहे, धंद्याची वाढ नंतर.

भाड्याचा हिशेब

आज काय मिळतं? १०,००० फुटांतली ये-जा करायची जागा सोडून ६५ टक्के जागा थप्पीला, म्हणजे ६,५००. पोत्याला ६ फूट, बारा थर, मिळून १३,००० पोती. पोत्याला महिना ६ रुपये धरले तर भरलेल्या गोदामाचे ७८,०००. पण हळद फेब्रुवारी ते मेमध्ये येते आणि दिवाळीपर्यंत ओसरत जाते. वर्षाची सरासरी ५५ टक्के धरली की ७,१५० पोती, ४२,९०० रुपये.

विभागणी केल्यावर: हबचे ४,५०० फूट १५ रुपयांनी ६७,५००. मागच्या ५,५०० फुटांत त्याच मापानं ७,१५० पोती बसतात. सरासरी ७० टक्के भरलं तर ३०,०००. एकूण ९७,५००. आजच्यापेक्षा ५४,६०० जास्त. वाढीव घरपट्टी, विमा, देखभाल १२,००० वजा जाता ४२,६०० उरतात.

खर्च: पत्र्यापर्यंत आडवी वीटभिंत ४ लाख, फरशी घट्ट करणं अडीच लाख, ओटा तोडून उतार दीड लाख, अंगणाचं काँक्रीट ३ लाख, वीज आणि दिवे दीड लाख, अग्निशमन १ लाख, शौचालय ५० हजार. एकूण १४ लाख. भागिले ४२,६००, म्हणजे ३३ महिने.

कंपनीचा मसुदा काय म्हणतो? करार ६० महिन्यांचा, पण कंपनीला बांधील मुदत १२ महिने, त्यानंतर ६० दिवसांची नोटीस. मालकाला मात्र पूर्ण ६० महिने उठवता येणार नाही. बहुतेक मालक फुटाला १५ की १६ यावर तासभर घासाघीस करतात आणि हे कलम न वाचता सही करतात. एक रुपया वाढला तर महिन्याला साडेचार हजार मिळतात. तेराव्या महिन्यात कंपनी गेली, तर १४ लाखांतले जवळजवळ नऊ लाख भिंतीत राहतात. घासाघीस मुदतीवर करावी.

मागायचं ते असं: बांधील मुदत ३६ महिने. ती मिळत नसेल तर फक्त हबसाठी केलेल्या १० लाखांच्या कामाची ३६ महिन्यांत समान विभागणी, आणि आधी सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे कंपनीनं भरायचे. बाराव्या महिन्यात सोडलं तर ६ लाख ६७ हजार. अनामत सहा महिन्यांची म्हणजे ४ लाख ५ हजार, त्यामुळे फरक अनामतीतून भागत नाही, तो करारात वेगळा लिहावा लागतो.

सही कोण करतं हेही पाहावं. बऱ्याच ठिकाणी हब स्थानिक फ्रँचायझी चालवते आणि तिला पार्सलमागे पैसे मिळतात. बोलणी कंपनीच्या माणसानं करायची आणि करार फ्रँचायझीच्या नावावर निघायचा, असं होतं. दर कमी झाला की फ्रँचायझी बंद पडते आणि कंपनी शेजारच्या गोदामात नवी उघडते. करार थेट कंपनीशी नसेल तर तिचं हमीपत्र तरी घ्यावं.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नं सक्तीचं आहे. ६० महिन्यांपर्यंत मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामतीवरच्या मानीव व्याजाचाही हिशेब धरतात. भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीला भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. मालकाच्या बाजूनं ही मोठी गोष्ट, आणि स्थानिक फ्रँचायझीला जागा न देण्याचं आणखी एक कारण. भाड्यावर १८ टक्के जीएसटी. मालक नोंदणीकृत नसेल तर ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूनं तो स्वतः भरायचा. गोदाम एमआयडीसीच्या भूखंडावर असतं तर पोटभाड्याची परवानगी आणि त्याचं शुल्क आधी लागलं असतं.

हळद आणि माणसं एका छपराखाली

वरच्या हिशेबात एक भोक आहे. हळदीला कीड लागू नये म्हणून धुरी देतात, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांची. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा आहे. गोदाम पाच ते सात दिवस बंद ठेवायचं असतं आणि हे काम अधिकृत पेस्ट कंट्रोलवाल्यानंच करायचं असतं. नुसतं हळदीचं गोदाम असेल तर कुलूप लावून फलक टांगला की झालं. भिंतीपलीकडे पहाटे दहा माणसं आणि सकाळी ३४ मुलं असतील तर तसं करता येत नाही. वीटभिंत बांधली तरी पत्र्याच्या पन्हाळीतून, कैचीच्या फटीतून हवा फिरते. हब आठवडाभर बंद राहत नाही, सुट्टीही घेत नाही.

त्यामुळे मागच्या भागात धुरी लागणारा, लांब मुदतीचा माल ठेवायचाच नाही. पर्याय राहतो दोन महिन्यांच्या आत जाणारी पोती आणि खोक्यात बंद झालेला माल: हळद पावडर, पाकिटातला बेदाणा, भडंग. हे पदार्थ ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना हजार-बाराशे फुटांचे गाळे लागतात. त्यांना अन्न सुरक्षा परवान्यात या साठवणीच्या जागेचा पत्ता दाखवावा लागतो, म्हणून दार वेगळं, फरशी धुता येणारी आणि उंदीरबंदी पक्की हवी. असे गाळे भरायला वेळ लागतो. मागच्या भागाचं उत्पन्न ३०,००० ऐवजी २०,००० धरलं तर निव्वळ वाढ ३२,६०० राहते आणि भांडवल फिटायला ४३ महिने लागतात. व्यवहार ठरवताना ३३ पेक्षा हा ४३ चा आकडा समोर ठेवावा. ३६ महिन्यांची बांधील मुदत मिळाली तरी सात महिन्यांची जोखीम मालकाकडेच राहते, आणि तेवढी घेण्याजोगी आहे.

विमा कंपनीला वापर बदलल्याचं लेखी कळवावं. हळदीच्या साठ्यावर घेतलेली पॉलिसी आणि शेजारी पॉवर बँकांनी भरलेली पार्सल, चार्जिंगला लावलेल्या दुचाक्या, हे आग लागल्यावर उघड झालं तर दावा अडतो. चार्जिंग आत करूच देऊ नये. बाहेर, पत्र्याच्या शेडखाली, वेगळ्या मीटरवर.

चढ-उताराचं काम कोण करणार हा प्रश्न सांगलीत टाळता येत नाही. १९६९ चा माथाडी कायदा इथं नावापुरता नाही. हळदीला येणारी टोळी त्याच दारात आहे आणि कंटेनर उतरवायला कंपनी आपली मुलं आणणार. पहिल्या आठवड्यात वाद होतो, गाडी दोन तास उभी राहते. करारात लेव्ही (माथाडी मंडळाकडे भरायची रक्कम) आणि वाराई कुणाकडे हे लिहून, टोळीच्या मुकादमाशी आधी बसून मगच ताबा द्यावा.

पूर आणि दिवाळी

कुपवाडची बाजू नदीपासून उंच आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, गावभाग-मारुती चौकाच्या बाजूला हाहाकार झाला. अशा वेळी उंचावरचं गोदाम कोरडं राहतं, पण गाडी येणार कुठून? महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला तुंबतो, अंकलीकडे पाणी चढतं, पेठनाक्याहून आष्टामार्गे येणाऱ्या रस्त्याचा भरवसा नसतो. गाड्या कराड-साताऱ्यात उभ्या राहतात. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे भिवंडी-सांगलीला दोन दिवस. संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवून घ्यावी लागते, आणि रात्री दोन वाजता ते कुणाच्याही लक्षात नसतं. रस्ता उघडला की तीन दिवसांची १२,००० पार्सल एका सकाळी दारात.

दिवाळीआधीच्या सेलमध्ये हेच तीन आठवडे चालतं. रोज ८,००० पार्सल धरली तर दोन कंटेनर, त्यातला दुसरा अकराला. आत आणखी २,००० फूट लागतात. इथं सांगलीचा हंगाम मदतीला येतो: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हळद ओसरलेली असते, नवी यायला तीन-चार महिने असतात. तेव्हा मागच्या भागातले २,००० फूट सेलच्या आणि पुराच्या दिवसांसाठी रोजच्या भाड्यानं देण्याचं कलम आत्ताच टाकावं, नेहमीच्या दराच्या दुप्पट, सात दिवसांच्या सूचनेवर; पुराला सूचना नाही. आडव्या भिंतीत आठ फुटांचं शटर त्यासाठीच ठेवायचं. हे शटर आगीला तोंड देणारं घ्यावं, नाहीतर भिंतीचे चार लाख वाया.

कंपनीला ताबा १५ सप्टेंबरला हवा असतो. काम ४५ दिवसांचं, पावसात ते ६० होतं. मागं मोजलं तर पुढची थप्पी १५ जुलैला हललेली पाहिजे, आणि व्यापाऱ्यांना नोटीस मेमध्ये, म्हणजे गोदाम तुडुंब असतानाच. अंगणाचं काँक्रीट आधी उरकावं आणि ओटा शेवटी तोडावा, कारण तोडेपर्यंत हळद त्यावरूनच बाहेर जाणार आहे. अग्निशमनाचा ‘ब’ नमुना, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा भरायचा असतो. पहिला जानेवारीत येतो, त्याची जबाबदारी आणि परवानाधारक एजन्सीचं बिल कुणाकडे हे कराराच्या परिशिष्टात लिहून घ्यावं.